भरल्या ताटावरून

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं मला एका पंथाविषयी सांगत होता. तिकडे कुठल्याशा डोंगरात राहणारी ती माणसं, सगळी एकसारखे कपडे घालणारी, गुरूनं सांगितलं म्हणून घरदार सोडून आलेली. थोरलीनं विचारलं, “आजी, शिकलेली माणसं असं कसं करतात?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. उत्तर लांबलचक होतं, आणि ते तुमच्या छोट्या आजीविषयी होतं. ती तेव्हा माझ्याच शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. नंतर मी तिला विचारलं, मुलांना लिहून कळवू का. ती म्हणाली, लिही, पण महाराजांना शिव्या देऊ नकोस. तेवढं पथ्य पाळून लिहिते.

छोटी आजी म्हणजे माझी धाकटी बहीण. हुलसूरच्या मराठी शाळेत तिनं उभी हयात शिकवलं. गावात तिला अजूनही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. नवरा गेला, मुलगा कॅनडात, म्हणजे तुमचा मामा. निवृत्तीनंतरही ती हुलसूरलाच राहिली. आम्ही बिदरला ये म्हणायचो, ती म्हणायची, तिथं मला कोण ओळखतं?

तिच्यातला बदल मला पहिल्यांदा दिसला तो चहावरून. एका लग्नासाठी ती आमच्याकडे उतरली होती. मी चहा पुढे केला, तर तिनं पिशवीतून स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली काढली. “बाहेरचं घेत नाही मी आता,” म्हणाली. माझं घर तिला बाहेरचं कधी झालं, हे मला कळेना. पण लग्नघरी जायची घाई होती, मी विषय वाढवला नाही. हळूहळू कळलं ते असं की ती एका आश्रमात जायला लागली होती, तिनं दीक्षा घेतली होती, आणि दीक्षा घेतलेल्या माणसाच्या हातचंच खायचं असा तिथला नेम होता. कांदा-लसूण तर वर्ज्यच. तुमचे आजोबा म्हणाले, “तिला म्हणावं मलाबी दीक्षा दे. तेवढीच तुझ्या उप्पिटातून सुटका.”

मग मी स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. न बघता मत बनवणं मला आवडत नाही. आश्रम हुलसूरपासून थोडा आत, रस्त्याच्या कडेला आहे. मोठी पत्र्याची शेड, स्वच्छ झाडलेलं अंगण, चपला ओळीनं मांडलेल्या. महाराज चाळिशीतले. पूर्वी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायचे, हे ते स्वतःच हसत सांगत. बोलायला मराठीत सुरुवात करत, दाखला कन्नडमध्ये देत आणि विनोद दखनी उर्दूत. श्रोत्यांत एक निवृत्त तहसीलदार होते, औषधाचे दुकानदार होते, कडगंचीच्या विद्यापीठात शिकवणारे एक गृहस्थ होते. अडाणी म्हणावं असं कुणी नव्हतं. मी दोष शोधायला गेले होते आणि त्या दिवशी तरी मला तो सापडला नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं. सत्संग संपल्यावर महाराजांनी माझ्या बहिणीला विचारलं, “डावा गुडघा कसा आहे?” तुमच्या आजोबांना माझा कुठला गुडघा दुखतो हे आजही सांगता येणार नाही.

तिथली एक पद्धत मात्र मी नीट पाहून घेतली. प्रत्येकाला एक सोबती नेमून दिलेला असतो. सोबत्यानं रोज सकाळी फोन करायचा. फोन उचलला नाही, तर घरी जाऊन बघायचं. माझ्या बहिणीची सोबतीण विशीतली एक मुलगी होती, हळ्ळीखेडची, कॉम्प्युटर शिकलेली. ठरलेलं लग्न मोडलं, नोकरीही टिकली नाही, तेव्हा ती आश्रमात राहायला आली. बारीक अंगाची, सतत फोन हातात, आणि कुणी काही विचारलं की आधी इकडेतिकडे बघून मगच उत्तर देणारी. माझ्या बहिणीचा तिच्यावर जीव होता. तिच्या वेणीत फूल नसलं तरी हिला चैन पडत नसे.

हुलसूरला बहिणीच्या घरी परतल्यावर मी तिला समजावायला बसले. कॉलेजात शिकवताना तयारी करायचे तशी केली होती. माणूस स्वतःचा निर्णय दुसऱ्यावर सोपवतो तेव्हा काय होतं, एकाच माणसाच्या शब्दावर इतकी घरं चालली तर काय होतं, सगळं क्रमानं मांडलं. ती ऐकत राहिली. मधूनच “व्हय, व्हय” म्हणाली. शेवटी म्हणाली, “तुझं सगळं बरोबर हाय, अक्का. पण तू उद्या सकाळच्या गाडीनं बिदरला जाणार.”

दिवाळीत तिनं सांगितलं की ती आता आश्रमातच राहायला जाणार. येळवस झाली की पुढच्या सोमवारी. घराला कुलूप, आणि पहिलं एक वर्ष नातेवाइकांची भेट नाही, फोन नाही. मन स्थिर होईपर्यंत तसा नियम आहे म्हणे. तुमचा मामा कॅनडातून रोज मला फोन करायला लागला, मावशी, तू तिला अडव. त्याला मी काय सांगणार? ती सज्ञान होती, शुद्धीवर होती आणि माझ्यापेक्षा हट्टी होती. मला धास्ती एकाच गोष्टीची होती. तुमच्या वयाला एक वर्ष म्हणजे एक इयत्ता. आम्हा दोघींच्या वयाला एक वर्ष कुलपाआड गेलं, तर पुढं भेट होईलच असं नाही. एवढीच गोष्ट होती. माझी बहीण मला परत दिसणार की नाही.

येळवस तुम्ही लहानपणी एकदा पाहिली आहे, पण आठवत नसेल. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात, मग पंगत. हिवाळ्यात जे जे मिळतं ते सगळं घातलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणि ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर मुरवलेली आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं, आणि ज्याला हाक मारली त्यानं नाही म्हणायचं नाही. आमच्या वडिलांचं हुलसूरजवळचं शेत आता बटाईनं दिलेलं आहे, पण येळवस आम्ही दोघी बहिणींनी कधी चुकवली नव्हती.

त्या वर्षी बहीण म्हणाली, मी येईन, पण माझा डबा आणीन आणि बाजूला बसेन. येळवसला स्वतःचा डबा! मी रात्रभर विचार केला. मग माझ्या लक्षात आलं की नियम दीक्षा घेतलेल्याच्या हातचं खायचं एवढाच आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि म्हटलं, यंदा सगळा स्वयंपाक तूच कर. मी फक्त चिरून देते. म्हणजे तुझा नेम मोडत नाही आणि आमची पंगत मोडत नाही. ती मग हसली. म्हणाली, लसूण घालणार न्हाई हं. तुमचे आजोबा हे ऐकून म्हणाले, “लसणाबिगर आंबील प्यायची म्हणजे निम्मी दीक्षा मलाच झाली की.”

तर येळवसच्या आदल्या दिवशी मी हुलसूरला गेले. बहीण पदर खोचून चुलीपाशी बसली ती उठेचना. महिनोन्महिने एकटीपुरता भात शिजवणारी बाई मोठ्या पातेल्यात चिंचेचा कोळ ओतत होती, तोंडानं मला हुकूम सोडत होती. वाटाणे कमी पडले, सोलाणे अजून सोल, मेथी एवढी बारीक कामून चिरलीस. सोबतीणही मदतीला आली होती. आंबील कालवायची वेळ झाली तेव्हा तिनं दबक्या आवाजात विचारलं, “बाई, हे ताक कुणाच्या हातचं?” ताक बटाईदाराच्या घरून आलं होतं. त्या घरात दीक्षा कुणी घेतलेली नव्हती.

“म्हशीचं,” माझी बहीण म्हणाली आणि पीठ कालवत राहिली.

ती मुलगी हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

चुलीपाशीच मला बहिणीनं आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. सोबतीण पाणी भरायला गेली होती. मी वाद घालायचा म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, “तुला तिथं काय मिळतं गं?” ती म्हणाली, निवृत्त झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात तिला ताप आला होता. अंथरुणातून उठवेना. कुणाला फोन करावा तर काय सांगायचं? ताप आला, एवढंच? ती तशीच पडून राहिली. दूधवाला आला, हाक मारून गेला. बाकी कुणी आलं नाही, कारण कुणाच्या येण्याची वेळच ठरलेली नव्हती. बरी झाल्यावर शेजारणीबरोबर ती एकदा सत्संगाला गेली, पुढच्या आठवड्यात गेली नाही, तर दुपारच्या आत दोन माणसं दारात. हातात पेजेचं भांडं.

“शाळेत असताना मी एक दिवस न्हाई गेले तर सगळ्या वर्गाला कळायचं,” ती म्हणाली. “तसं पुन्हा कुणाला तरी कळायलंय, अक्का. देव-बिव नंतर आला.”

मी तुम्हाला उत्तर द्यायचं म्हटलं तर ते इथंच आहे. माणसं तत्त्वज्ञान ऐकून जात नाहीत. तत्त्वज्ञान नंतर शिकतात, जसं सासरी गेल्यावर सासरच्या रीती शिकतात. पूर्वी गल्लीला, भावकीला, मठाला, दर्ग्याला माणसाच्या असण्या-नसण्याची खबर असायची, नकोशी वाटेल इतकी असायची. आता आपण शिकलो, पगार आले, मुलं लांब गेली, दारांना आतून कड्या आल्या. खबर ठेवणारं कुणी उरलं नाही, आणि ज्यानं ती ठेवली त्याच्या मागं माणूस गेला. त्यात मूर्खपणा कुठं आहे? आपला मुलूख तर पंथांचाच आहे. बसवकल्याण इथून हाकेच्या अंतरावर. सोमवारी मठात जाऊन गुरुवारी दर्ग्याला ऊद घालणारी माणसं मी लहानपणापासून पाहते. मी एवढंच बघते, की आत जायचं दार जेवढं मोठं आहे तेवढंच बाहेर यायचं आहे का.

येळवसला ऊन छान पडलं होतं. ज्वारी कंबरेच्या वर आली होती. पूजा झाली, बहिणीनं आंबिलीत पान बुडवून बांधाबांधानं शेतभर शिंपलं, गुडघा दुखत असताना. मग सगळे बसलो. आमचं घर, बटाईदाराचं घर, आणि रस्त्यावरून हाक मारून आणलेले दोन मोटारसायकलवाले. बहीणही आमच्याच पंगतीत बसली, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सोबतीण. सोबतिणीनं जेवायच्या आधी पंगतीचा फोटो काढला आणि आश्रमाच्या ग्रुपवर टाकला. त्यात लपवायचं काही आहे असं तिच्या मनातही आलं नसावं. हिरवी ज्वारी, रांगेत बसलेली माणसं. कुणालाही आवडेल असा फोटो.

तिनं दोन घास खाल्ले असतील. फोन वाजला. आश्रमाचे व्यवस्थापक होते. ती नुसतं “जी, जी” म्हणत होती. मग म्हणाली, “जेवायलेय जी.” मग परत “जी.” फोन ठेवून ती उठून उभी राहिली.

बहिणीनं विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं की अन्न चालतं, पण बाहेरच्यांच्या पंगतीला बसणं चालत नाही. आत्ताच्या आत्ता निघून ये म्हणाले. बाईंनाही घेऊन ये म्हणाले.

“बस. आधी जेव,” बहीण म्हणाली.

“न्हाई बाई. लगेच नीघ म्हणले.”

“ताटावरून?”

मुलगी इकडेतिकडे बघत राहिली.

बहिणीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि परत लावला. आम्हाला फक्त हिचंच बोलणं ऐकू येत होतं. लेकरू ताटावर बसलंय. दोन घास खाऊ द्या, मी स्वतः आणून सोडते. दंड काय असेल तो मला करा. मग ती ऐकत राहिली. तिचा चेहरा मी आयुष्यभर वाचलेला आहे. वर्गात खोटं बोलणारं मूल समोर उभं असलं की ती अशी गप्प होत असे. तिनं फोन मुलीला परत दिला. तोवर मुलीनं चपला घातल्या होत्या. शिदोरी बांधून देते म्हटलं, तर तीही नको म्हणाली, आणि बांधावरून रस्त्याकडे चालू लागली.

तुम्हाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. आपल्याकडे ती नाही. माझे वडील सांगत, निजामाच्या काळात जप्तीला आलेला माणूसही घरातली माणसं जेवून उठेपर्यंत बाहेर लिंबाखाली थांबायचा. वैऱ्यालाही कुणी भरल्या ताटावरून उठवत नाही. माझ्या बहिणीनं त्या आश्रमासाठी चहा सोडला होता, लसूण सोडला होता, मला आणि पोटच्या पोराला वर्षभर सोडायला ती तयार झाली होती. तिला त्यातलं काहीच जड वाटलं नव्हतं.

ती आपल्या जागेवरून उठली आणि मुलीच्या जागेवर जाऊन बसली. ते ताट पुढ्यात ओढलं आणि उष्ट्याचा विचार न करता त्यातलं सगळं जेवली. उंडा मोडून, भज्जी निपटून, शेवटी आंबील पिऊन.  तुमच्या आजोबांनीसुद्धा विनोद केला नाही. त्यांनी फक्त मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली.

परतताना सोमवारचा विषय निघाला नाही. सोमवारी सकाळी मी बिदरहून फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग तिनं उचलला. “घरीच हाय,” म्हणाली.

पुढचे दिवस सोपे गेले असं समजू नका. आश्रमानं तिच्याशी भांडण केलं नाही की धमकी दिली नाही. फक्त सकाळचे फोन थांबले. ग्रुपवरून तिचं नाव गेलं. रस्त्यात भेटले तर तहसीलदार नमस्कार करून पुढे जात. रोज त्या वेळी ती फोन हातात घेऊन बसायची, पुसायची, ठेवून द्यायची. मग मी रोज फोन करायला लागले, त्याच वेळेला. गोळी घेतलीस का, जेवायला काय केलंस, बाहेर गेली होतीस का. आठवड्याभरानं ती म्हणाली, “अक्का, तुझा फोन म्हणजे शाळा तपासणी.” मी फोन केला की ती “हजर” म्हणून उचलायची. शेवटी आम्ही दोघं सरळ सामान घेऊन हुलसूरलाच आलो. हल्ली निम्मा महिना इथं, निम्मा बिदरला. तुमचे आजोबा आल्या दिवसापासून सांगताहेत की इथलं पाणी त्यांना बाधतं, आणि तब्येत सुधारली आहे.

आंबिलीत लसूण परत आला. आश्रमात जायला लागल्यावर घेतलेल्या पांढऱ्या साड्या ती अजून नेसते, धुवायला सोप्या म्हणते. सकाळचं ध्यानही करते, आणि ते तिला मानवतं. मी त्याबद्दल बोलत नाही.

मग संक्रांतीनंतर एकदा दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. ती मुलगी. आश्रमातल्या कुणा स्वयंपाकिणीचा फोन मागून चोरून करत होती, आवाज अगदी बारीक, म्हणून बहिणीनं स्पीकर लावला. “बाई, रागावलात का?”

“रागावू कामून?” बहीण म्हणाली. “तुझ्या वाट्याचं मी जेवले. तू रागवायला पाहिजेस.”

 पलीकडे ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी पुढे सरसावले. मला तिला सांगायचं होतं, तू शिकलेली आहेस, अशी राहू नकोस, आत्ताच निघ, आम्ही आहोत. मी तोंड उघडणार तोच बहिणीनं हात वर करून मला गप्प बसवलं, वर्गात बसवायची तसं. तिनं मुलीला आश्रमाबद्दल एक शब्द विचारला नाही. वेणी कोण घालतं, थंडीचं पांघरूण आहे का, आईशी बोलणं होतं का, एवढंच. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “ती भांडायला न्हाई फोन केली. भांडलीस तर पुन्हा करणार न्हाई.”

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी, स्वयंपाकघर रिकामं असतं त्या वेळी, फोन येतो. कधी दोन मिनिटं, कधी नुसतं बऱ्या आहात ना एवढंच. या गुरुवारी आला नाही. शुक्रवारी आला नाही. तिकडे कळू नये म्हणून त्या नंबरावर आपण लावायचा नाही, हे ठरलेलं.

आज सकाळी छोटी आजी लवकर उठली. भाकरी बांधून घेतली, छत्री घेतली, आणि बसवकल्याणला गाडी बदलून हळ्ळीखेडला गेली आहे, त्या मुलीच्या आईला भेटायला. मी म्हटलं, तुझा गुडघा. ती म्हणाली, गुडघा बसूनच जाणार हाय की. तुमचे आजोबा स्टँडवर सोडायला गेले होते. आता दुपार झाली आहे, ती पोचल्याचा फोन अजून आलेला नाही, आणि मी हे लिहिताना दर ओळीला फोनकडे बघते आहे.